लाल रकान्यातली पोळी

प्रश्न : ताई, मी कराडची, वय ७१. मुलगा, सून आणि नातू पुण्याला असतात. सुनेला वर्षभर पोट फुगणं, थकवा, मधूनच डोकं दुखणं असा त्रास आहे. चार महिन्यांपूर्वी तिच्या ऑफिसात एका लॅबचं शिबिर होतं, तिथं तिनं ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ची रक्ततपासणी करून घेतली. दोघांचं मिळून स्वस्त पडतं म्हणाले, म्हणून सात वर्षांच्या नातवाचंही रक्त दिलं. एकूण साडेअठरा हजार रुपये. वीस पानी रंगीत रिपोर्ट आला. सुनेच्या लाल, म्हणजे ‘टाळा’ म्हणणाऱ्या, रकान्यात गहू, दूध, दही, शेंगदाणे, तूरडाळ, हरभरा, लसूण असे २३ पदार्थ. नातवाच्या लाल रकान्यात गहू, दूध, अंडं, शेंगदाणे. तेव्हापासून घरात पोळी होत नाही. नातू विकतचं बदामाचं दूध पितो. दिवाळीत आला तेव्हा अंघोळ घालताना त्याच्या फासळ्या दिसल्या मला. सुनेला पहिल्या महिन्यात बरं वाटलं होतं, आता पुन्हा तेच, वर केस गळतात. ती हट्टी नाही हो, घाबरलीय. रिपोर्टवर एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा, शिक्का आहे. आता दुसऱ्या मोठ्या लॅबमधून पुन्हा करून खात्री करू म्हणते. भरवशाची लॅब कशी ओळखायची? रिपोर्टचे फोटो जोडलेत.
— एक आजी, कराड

उत्तर : मावशी, दुसऱ्या लॅबचे पैसे अजून भरले नसतील तर भरू देऊ नका. लॅब कशी ओळखायची ते सांगतेच, पण आधी तुम्ही पाठवलेल्या फोटोंतली एक गोष्ट बघा.

सुनेच्या रिपोर्टचं हिरवं पान काढा. ‘हे निर्धास्त खा’ या यादीत काय आहे? अ‍ॅव्होकॅडो, आर्टिचोक, सामन मासा, शिंपले, क्रॅनबेरी. यातलं तुमच्या सुनेनं आयुष्यात किती वेळा खाल्लं असेल? आणि लाल पानावर गहू, तूर, शेंगदाणे, लसूण, दही. म्हणजे तुमच्या घरचा रोजचा डबा. हा योगायोग नाही. ही तपासणी तेच मोजते.

रिपोर्टच्या डोक्यावर ‘आयजीजी’ अशी अक्षरं आहेत. आयजीजी म्हणजे रक्तातली एका जातीची प्रतिपिंडं, रक्तात सगळ्यांत जास्त असतात तीच. आपण जे खातो त्यातले काही कण आतड्यातून रक्तात जातात, शरीर त्यांची ओळख ठेवतं, आणि ती ओळख आयजीजीच्या रूपानं दिसते. जो पाहुणा वारंवार येतो त्याचं नाव वहीत जास्त वेळा. त्यावरून तो चोर ठरत नाही. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीनं २००८ मध्येच स्पष्ट लिहिलं की अन्नाविरुद्धची आयजीजी४ (आयजीजीचाच एक उपप्रकार) ही त्या अन्नाशी वारंवार संबंध आल्याची खूण आहे, आजाराची नव्हे, आणि अन्नाच्या तक्रारींसाठी ही तपासणी करू नये. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेनं त्याला दुजोरा दिला. कॅनडाच्या संघटनेनं २०१२ मध्ये तेच सांगितलं.

लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, म्हणजे शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेली ही बाळं होती. निम्म्यांना लहानपणापासून शेंगदाणा खाऊ घातला, निम्म्यांना टाळायला लावला. पाचव्या वर्षी पाहिलं तर खाणाऱ्यांमध्ये अ‍ॅलर्जी कितीतरी कमी. आणि शेंगदाण्याविरुद्धची आयजीजी४ याच खाणाऱ्या, निरोगी मुलांच्या रक्तात जास्त होती. तुमच्या नातवाच्या रिपोर्टनं अशा मुलांना लाल रकान्यात टाकलं असतं.

आता लॅबचा भरवसा. यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत आणि सगळी फसगत तिथं होते. लॅबनं नीट मोजलं का, हा एक. जे मोजलं त्याचा सुनेच्या पोटाशी संबंध आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं की माणसं दुसराही सुटला असं धरतात.

हे मी अधिकारानं सांगते, कारण ही चूक मी केलीय. ३१ वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलं, त्यातली काही एका खासगी लॅबमध्ये. तिथं मालकांनी हे किट आणलं. एलायझाची प्लेट असते, ९६ छोटे वेल, प्रत्येकात एकेका अन्नाचा अर्क चिकटवलेला. त्यात रुग्णाचं सिरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, घालायचं, धुवायचं, रंग धरणारं रसायन घालायचं. जितकी प्रतिपिंडं जास्त तितका पिवळा गडद, आणि मशीन त्याचा आकडा देतं. मी शिस्तीनं किट तपासलं. एकच सँपल तीन वेळा लावलं, आकडे जवळजवळ सारखे आले. समाधानानं सह्या सुरू केल्या.

काही महिन्यांनी कंट्रोलसाठी, म्हणजे तुलनेला, आम्ही स्टाफचंच रक्त लावलं. आमचा मालवणचा टेक्निशियन, ठणठणीत माणूस, त्याला तांदूळ आणि बांगडा लाल. सोलापूरच्या मुलीला शेंगदाणे लाल. मला गहू आणि दूध. तिघांनाही खाण्याचा कसलाच त्रास नव्हता. मी कंपनीच्या प्रतिनिधीला विचारलं, शेंगदाण्याचा हा आकडा आलेल्या लोकांना शेंगदाणे खाऊन खरंच त्रास होतो, हे तुम्ही कुठल्या रुग्णांवर ताडून पाहिलंय? त्यानं मला माहितीपत्रक दिलं. त्यात अचूकतेचे आकडे होते, पण सगळे मशीनच्या अचूकतेचे. त्याच सुमारास एक बाई पुन्हा तपासणीला आल्या. आमच्या रिपोर्टवरून त्यांनी आठ महिने निम्मं जेवण सोडलं होतं. मनगटं बघूनच मला कळलं. त्या कागदावर माझी सही होती. मालकांनी तपासणी बंद केली नाही. मी त्या रिपोर्टवर सही करणं बंद केलं आणि वर्षभरात ती जागा सोडली. त्या बाई अजून डोळ्यांपुढून जात नाहीत, म्हणून हे उत्तर लांबतंय.

तेव्हा एनएबीएलच्या शिक्क्याबद्दल. तो खोटा असेल असं मी म्हणत नाही. ही मान्यता मोलाची आहे, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिनसाठी लॅब निवडताना मी स्वतः ती बघते. पण लॅबला ती सरसकट मिळत नाही, तपासणीनिहाय मिळते. रिपोर्टवर प्रमाणपत्राचा क्रमांक असतो, मेडिकल लॅबचा ‘एमसी’पासून सुरू होणारा. एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या लॅबची मान्यताप्राप्त तपासण्यांची यादी निघते. मुलाला ती काढायला सांगा आणि ही तपासणी त्यात आहे का बघा. रक्त घेणारं कलेक्शन सेंटर आणि प्रत्यक्ष तपासणारी लॅब वेगळी असू शकते, तेही बघा. आणि समजा यादीत नाव सापडलं, तरी शिक्का सांगतो की मोजमाप शिस्तीत झालं. गहू सोडा असं तो सांगत नाही.

कुठल्याही लॅबला फोनवर विचारता येईल असा माझा एक प्रश्न आहे : ‘या तपासणीवरून कुठल्या आजाराचं निदान होतं?’ सरळ एका आजाराचं नाव आलं तर पुढं बोला. ‘तुमच्या शरीराला काय सूट होतं ते कळतं’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. आणि जी लॅब रिपोर्टबरोबर आहारतक्ता, पावडर, गोळ्या विकते तिच्यापासून लांब राहा. केसांवरून किंवा हातात कांडी धरून वावडं सांगणाऱ्यांबद्दल तर लिहायलाही नको.

मग सुनेला पहिल्या महिन्यात बरं का वाटलं? पोळीबरोबर बिस्किटं, पाव, मैदाही गेला. लसूण गेला. गव्हात आणि लसणात फ्रुक्टान नावाची साखर असते, ती काहींच्या आतड्यात आंबते आणि पोट फुगतं. दूध न पचण्याचं कारणही प्रतिपिंडं नाहीत, दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य कमी पडतं. त्याची तपासणी श्वासातल्या हायड्रोजनवरून होते, आणि अशा माणसाला पुष्कळदा दही-ताक चालतं. म्हणजे तिचा त्रास खरा आहे. तिला हे आधी सांगा, मावशी. रिपोर्ट चुकीचा म्हणजे तुझ्या मनाचे खेळ, असं कुणी तिला म्हणू नये.

तिला पोटविकारतज्ज्ञांकडे न्या. गव्हाचा एक खरा आजार आहे, सीलिअ‍ॅक. त्यासाठी ‘टीटीजी आयजीए’ नावाची रक्ततपासणी असते, सोबत एकूण आयजीएही (ही प्रतिपिंडांची आणखी एक जात) बघावं लागतं, कारण काहींच्या शरीरात आयजीएच कमी असतं आणि मग रिपोर्ट उगाच नॉर्मल येतो. पण गहू सोडलेला असताना ही तपासणी केली तर असलेला आजारही लपतो. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे आधी किमान सहा आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत गहू खायला हवा. तिनं चार महिने सोडलाय. म्हणून पोळी पुन्हा सुरू करायची ती डॉक्टरांना सांगून, त्यांनी दिलेल्या तारखेपर्यंत, मग रक्त द्यायचं. केस गळतात आणि थकवा आहे म्हणता, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, थायरॉइड हेही बघून घ्या. या सगळ्याला मिळून त्या रंगीत रिपोर्टपेक्षा पुष्कळ कमी खर्च येईल. बाकीचे पदार्थ एकेक करून परत आणायचे, एक पदार्थ तीन-चार दिवस, आणि वहीत लिहायचं.

नातवाच्या बाबतीत वेळ घालवू नका, याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शाळेतल्या जुन्या वजन-उंचीची नोंद मिळाली तर बरोबर न्या. डॉक्टर विचारतील ते आठवून ठेवा : रिपोर्टच्या आधी दूध, अंडं, शेंगदाणे खाल्ल्यावर दोनेक तासांच्या आत त्याच्या अंगावर कधी गांधी उठल्या होत्या का, ओठ सुजले होते का, उलटी किंवा धाप लागली होती का? असं कधीच झालं नसेल तर या वस्तू बंद ठेवायला काहीही आधार नाही. त्याला इसब किंवा दमा असेल तर मात्र घरी परस्पर सुरू करू नका. अशा मुलांत, जे अन्न आधी सोसत होतं ते बराच काळ तोडल्यावर पुन्हा देताना कधीकधी खरी अ‍ॅलर्जी उसळते, म्हणून पहिला घास डॉक्टरांसमोर.

हे पत्र सुनेला वाचायला द्या. ‘बघ, मी म्हणत होते’ असं म्हणून देऊ नका. तिनं मुलाच्या काळजीपोटीच पैसे भरले होते.

प्रश्न : माझी ‘आयजीई’ अ‍ॅलर्जी पॅनल टेस्ट केली. त्यात कोळंबी पॉझिटिव्ह. मी आठवड्यातून दोनदा कोळंबी खातो, कधीच काही झालेलं नाही. सर्दी-शिंका मात्र बारमाही. कोळंबी सोडू का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आयजीई ही प्रतिपिंडांची आणखी एक जात, तिचं प्रकरण वेगळं आहे. खरी अ‍ॅलर्जी शोधायला ती उपयोगी पडते, पण लक्षणं सांगणारा माणूस समोर असेल तेव्हा. नुसत्या पॅनलवरून नाही. कर्नाटकातल्या प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत, जी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं. लक्षणांशी जुळणारी संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जी होती फक्त १.२ टक्के लोकांना.

तुमच्या बाबतीत कारणही सापडण्यासारखं आहे. कोळंबीत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं. तसंच प्रथिन झुरळात आणि गादी-उशीतल्या धुळीच्या किड्यांत असतं. कोकणातल्या दमट हवेत ते किडे चांगले पोसतात. तुमच्या शिंकांचं मूळ तिथं असेल, तर त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं तपासणीत कोळंबीलाही धरतात. कोळंबी सोडू नका. त्याच रिपोर्टमध्ये ‘हाऊस डस्ट माइट’समोर काय आकडा आहे तो बघा, आणि तो कागद घेऊन कान-नाक-घसा किंवा अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे जा. उशीचे अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवायला आजपासूनच लागा. कधी कोळंबी खाल्ल्यावर घशाला खाज आली, ओठ जड वाटले किंवा अंगावर पित्त उठलं, तर मात्र खाणं लगेच थांबवा. काय खाल्लं होतं आणि किती वेळानं झालं ते लिहून ठेवा. श्वास अडकू लागला तर लिहीत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.