अद्रक, आलं आणि ‘सुकं आलं’ नावाचा घोळ

चाळीसगावच्या एका वाचकाने विचारलंय: आजी खोकल्याच्या काढ्यात ‘अद्रक’ घालायची, पुस्तकात मात्र ‘आलं’ असतं. मग अद्रक हिंदीतून आलं का? आणि त्याच्या जागी सुंठ चालेल का?

अद्रकला हिंदीचा पाहुणा म्हणायची खोड आता मोडायला हवी. जळगाव-धुळ्याच्या बाजारात भाजीवाली अद्रकच तोलून देते, मराठवाड्यातला शेतकरी अद्रकच लावतो. आलं म्हणायचं ते पुण्या-साताऱ्याकडे. मूळ दोघांचं एकच, संस्कृत ‘आर्द्रक’, आणि आर्द्र म्हणजे ओलं. प्राकृतात आर्द्रची अद्द, अल्ल, ओल्ल अशी रूपं झाली. अल्लपासून आलं आणि ओल्लपासून आपलं ‘ओलं’! म्हणजे आलं आणि ओलं ही सख्खी भावंडं आहेत. जून सरता सरता खानदेशातला शेतकरी ज्या आर्द्रा नक्षत्राकडे डोळे लावून बसतो, तेही याच घराण्यातलं. ‘आलं’ची झिजून झिजून दोन अक्षरं उरली, अद्रकने मात्र मूळचा ‘द्र’ जपला. असं असताना खानदेशी माणसाला ‘शुद्ध बोला’ म्हणून कोणत्या तोंडाने शिकवता?

पाकिटावर ‘सुकं आलं’ वाचलं की डोकंच फिरतं. अहो, ओलेपणावरूनच ज्याचं नाव पडलं ते सुकलं, की त्याला सुंठ म्हणतात. संस्कृतात शुण्ठी, आणि धातुपाठातला (संस्कृत धातूंच्या जुन्या यादीतला) शुण्ठ् सुकण्याचाच. सुकताना नुसतं पाणी जात नाही; आल्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचं शोगाओल होतं आणि तिखटपणा वाढतो. (यातलं ‘शोगा’ म्हणजे जपानी भाषेतलं आलंच!) त्रिकटू या आयुर्वेदिक चूर्णात मिरी-पिंपळीच्या जोडीला सुंठ, रामनवमीला सुंठवडा, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात सुंठ, डोकं दुखलं की सहाणेवर उगाळून कपाळाला लेप, तोही सुंठेचाच. जेवणाआधी मीठ लावून चघळायची चकती मात्र ओल्या अद्रकची. जुन्या वैद्यकात तिला ‘लवणार्द्रक’ असं नावच आहे.

आता ‘शृंगवेर’, आल्याचं संस्कृतातलं दुसरं नाव. गाठी शिंगासारख्या दिसतात म्हणून हे नाव, असं कोशांतून बिनदिक्कत छापतात. मला ते साफ अमान्य आहे. तमिळमध्ये आल्याला ‘इंजी’ म्हणतात आणि मुळाला ‘वेर’. दक्षिणेकडून आलेल्या शब्दाला संस्कृत पंडितांनी शिंगं चिकटवली, एवढाच तो प्रकार. पालीत तो ‘सिंगिवेर’ झाला, ग्रीकांनी ‘झिंगिबेरिस’ केला आणि तिथून इंग्रजांचा ‘जिंजर’. इतका लांबचा प्रवास केलेल्या शब्दाला नुसत्या शिंगांवर बोळवणं हा आळस आहे.

राहिला काढा. सुंठ चालते, ‘सुंठीवाचून खोकला गेला’ या म्हणीतही खोकल्याला आठवली ती सुंठच. फक्त चिमूटभर घाला, आणि पित्त खवळत असेल तर तीही नको.