इंग्रजीच का? वाचकांचे प्रश्न आणि जाणकारांची उत्तरे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून या महिन्यात आलेली बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत: इंग्रजी जगभर कशी पोचली आणि आपण तिचे काय करायचे. भाषेचा इतिहास, निर्यात आणि शालेय शिक्षण या क्षेत्रांतल्या जाणकारांनी मिळून ही उत्तरे लिहिली आहेत.

इंग्रजीत मराठीसारखी लिंगांची भानगड नाही, क्रियापदेही सोपी. सोपी आहे म्हणूनच ती पसरली ना?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, अमळनेर)

नाही. लॅटिनमध्ये तीन लिंगे आणि विभक्तींचे भरगच्च कोष्टक होते, तरी युरोपातले शिकलेले लोक शेकडो वर्षे तिच्यातच लिहीत होते. इंग्रजी ऐकायला सुटसुटीत वाटली तरी तिचे स्पेलिंग परक्या माणसाला छळते. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना घातला तेव्हा बोलण्यातले उच्चार बदलत होते. स्पेलिंग जुन्या उच्चारांचे राहिले, उच्चार पुढे निघून गेले.

शिवाय ही भाषा बराच काळ स्वतःच्याच देशात खालच्या पायरीवर होती. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर सुमारे तीनशे वर्षे दरबाराची भाषा फ्रेंच होती. कोर्टातले वाद इंग्रजीतून चालवावेत असा कायदा १३६२ मध्ये झाला, पण त्या कायद्याचा मसुदासुद्धा फ्रेंचमध्येच लिहिला गेला. १६०० च्या सुमारास इंग्रजी बोलणारे पन्नास-साठ लाख असतील आणि त्या बेटांबाहेर तिला कोणी विचारत नव्हते. भाषेत पसरण्याचा गुण असता तर तो तेव्हाही दिसला असता. कारण भाषेच्या बाहेर शोधावे लागते.

मग राज्य हेच कारण. पण खानदेशावर मोगलांचेही राज्य होते. फारसी का टिकली नाही? आणि इंग्रज जाऊन पंचाहत्तर वर्षे उलटली तरी त्यांची भाषा का जात नाही?
(सेवानिवृत्त तलाठी, धुळे)

या प्रश्नात सगळ्या विषयाचे मर्म आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरला गेला आणि शहाजादा परवेझला भेटला. त्या दरबाराची भाषा फारसी. इंग्रजांना तिथे दुभाषे लागत. पण फारसीला इथे आधार होता तो दरबाराचा आणि दफ्तराचा. १८३७ च्या कायद्याने कंपनी सरकारने फारसीला कामकाजातून हटवण्याचा मार्ग मोकळा केला, आणि तो आधार गेल्यावर ती धरून ठेवायला इथे दुसरे काही उरले नाही.

इंग्रजीचे तसे झाले नाही, कारण राज्य हा तिचा एकच पाय होता. १८१८ मध्ये खानदेश कंपनीकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज धुळ्याला कारभार पाहू लागला, तेव्हाही गावची दफ्तरे मोडी मराठीतच लिहिली जात होती. इंग्रजी राहिली वरच्या थरात. तिची ओढ लागली ती नोकरीमुळे: इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य, असा ठराव १८४४ मध्ये निघाला. इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणाची चर्चा फार होते, पण आमच्या मते घराघरांत इंग्रजीची आस १८४४ च्या ठरावासारख्या निर्णयांनी लावली.

दुसरा पाय व्यापाराचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टर भागातल्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर तुटून पडल्या. खानदेशचा कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलला जाऊ लागला. शेतकरी व्यापाऱ्याशी अहिराणीत बोले, व्यापारी अडत्याशी मराठी, गुजराती किंवा मारवाडीत बोले. मुंबईच्या बंदरात गाठींचा सौदा कागदावर उतरला की तो इंग्रजीत. भाव लिव्हरपूलला ठरत होता, आणि जिथे भाव ठरतो तिथली भाषा साखळीच्या टोकाशी बसते. १८७० मध्ये मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेने जोडली गेली, मग तारांची भाषाही तीच झाली.

तिसरा पाय आपल्या इकडे फारसा कोणी मोजत नाही: वसाहती. १६०७ पासून उत्तर अमेरिकेत आणि १७८८ पासून ऑस्ट्रेलियात इंग्रज नुसते राज्य करायला नाही, राहायला गेले. १७६३ च्या तहाने फ्रान्सने कॅनडा गमावला आणि १८०३ मध्ये लुइझियानाचा अफाट मुलूख अमेरिकेला विकून टाकला. पुढे जर्मनी, इटली, पोलंडहून अमेरिकेत गेलेल्या लाखो कुटुंबांची मुले-नातवंडे इंग्रजी बोलू लागली.

तरीही १९१४ पर्यंत इंग्रजीचा विजय ठरलेला नव्हता. मुत्सद्देगिरी फ्रेंचमध्ये चाले, आणि रसायनशास्त्र शिकणाऱ्याला जर्मन आल्याशिवाय गत्यंतर नव्हते. पहिल्या महायुद्धाने हे चित्र मोडले. १९१९ चा व्हर्सायचा तह फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत प्रमाण धरला गेला. युद्धानंतर जर्मन शास्त्रज्ञांना आंतरराष्ट्रीय परिषदांतून बाहेर ठेवले गेले. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने तर १९१९ मध्ये आठवीच्या आतल्या मुलांना परकी भाषा शिकवणे हाच गुन्हा ठरवला. तो कायदा १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, पण तोवर जर्मन शिकण्याची सवय मोडली होती. १९३३ नंतर नाझींनी ज्यू शास्त्रज्ञांना हाकलले आणि त्यांतले कितीतरी ब्रिटन-अमेरिकेत गेले. विज्ञानाची भाषा त्यांच्याबरोबर सरकली.

१९४५ नंतर ब्रिटनचे साम्राज्य उतरणीला लागले आणि त्याच वेळी अमेरिका सर्वांत श्रीमंत राष्ट्र म्हणून उभी राहिली. इंग्रजीच्या भाग्याचा हा खरा भाग. एक धनी गेला आणि दुसरा धनी आला, दोघांची भाषा एकच. स्पॅनिश किंवा फ्रेंचला असा दुसरा धनी मिळाला नाही.

आता ती जात का नाही. नायजेरियात शेकडो भाषा आहेत. हौसा, योरुबा, इग्बो यांपैकी एकीला सरकारी मान दिला तर बाकीचे बिथरतात, म्हणून इंग्रजी. आपल्याकडे घटनेच्या ३४३ व्या कलमाने इंग्रजीला १५ वर्षांची मुदत दिली होती. ती १९६५ मध्ये संपत आली तेव्हा तमिळनाडूत मोठे आंदोलन झाले, आणि १९६७ च्या दुरुस्तीने इंग्रजीचा वापर पुढे चालू राहिला. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे देशात जेमतेम २.६ लाख होते, तर दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती सांगणारे सुमारे १२ ते १३ कोटी. कोणाच्याच घरची नाही, हीच तिची सोय. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेनेही आपल्या सनदेच्या ३४ व्या कलमात कामकाजाची एकमेव भाषा इंग्रजी ठरवली आहे. त्यांच्यावर ती सक्ती कोणी केलेली नाही.

आमची केळी आखातात जातात. घेणारा अरब, देणारे आम्ही. मग मधले कागद इंग्रजीत का? आणि त्यात चुका कुठे होतात?
(केळी उत्पादक, रावेर)

कागद तुम्हा दोघांपुरते नसतात. जहाज कंपनी, दोन बँका, दोन देशांचे कस्टम आणि विमा कंपनी हे सगळे तेच कागद वाचतात. या सगळ्यांचे नियम आधीच इंग्रजीत घट्ट बसले आहेत. केळ्यांचा जागतिक मालसंकेत ०८०३ आहे. तो ठरवणाऱ्या जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या अधिकृत भाषा दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच.

चुका नेहमीच्या ठरलेल्या आहेत. पैसे लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेच्या हमीपत्रावर, येणार असतील तर बँका बहुधा यूसीपी ६०० ही नियमावली लावतात. तिच्यानुसार बँकेला कागद तपासायला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस मिळतात, आणि माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद सादर करावे लागतात. क्रेडिटमध्ये याहून कमी मुदत घातली असेल तर तीच पाळायची. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल चढवल्याची पावती) आणि रोगमुक्तीचा फायटोसॅनिटरी दाखला या चारही कागदांवरची माहिती एकमेकींना छेद देणारी नको. सगळ्यांत जास्त घोळ प्रमाणाचा होतो. प्रमाणाच्या आधी 'अबाउट' किंवा 'अप्रॉक्झिमेटली' असेल तर १० टक्के कमी-जास्त चालते. नसेल, आणि प्रमाण किलोत दिले असेल, तर ५ टक्के चालते, पण एकूण रक्कम क्रेडिटच्या आकड्याबाहेर जाता कामा नये. पण प्रमाण खोक्यांच्या संख्येत दिले असेल तर ती ५ टक्क्यांची सवलत लागूच होत नाही. म्हणजे समजा १,५०० खोकी लिहिली आणि १,४९० भरली, तर बँक कागद अडवू शकते. म्हणून क्रेडिट उघडण्याआधीच खरेदीदाराकडून तो 'अबाउट' घालून घ्यावा. केळी नाशवंत, बंदरात दुरुस्तीसाठी थांबायला वेळ नसतो.

जगात सगळे वैमानिक फक्त इंग्रजीतच बोलतात हे खरे का? मुलाला वैमानिक व्हायचे आहे.
(पालक, शिरपूर)

अगदी 'फक्त' नाही. वैमानिकाला त्या जमिनीवरच्या केंद्राची स्थानिक भाषा वापरता येते, पण विमानातून मागणी आल्यास आंतरराष्ट्रीय उड्डाणे हाताळणाऱ्या केंद्राने इंग्रजी दिलीच पाहिजे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना सहा कसोट्यांवर परीक्षा घ्यायला सांगते: उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद. १ ते ६ पातळ्यांत किमान ४ लागते, आणि सहांपैकी सर्वांत कमी गुण हीच अंतिम पातळी. पाचांत ५ आणि उच्चारात ३ असेल तर निकाल ३. पातळी ४ ची परीक्षा साधारण दर तीन वर्षांनी पुन्हा द्यायची, ५ ची सहा वर्षांनी.

ही कडक व्यवस्था उगाच आलेली नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमाने एकमेकांवर आदळली, ३४९ माणसे गेली. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले होते, आणि त्या चालकदलाचे कच्चे इंग्रजी हा चौकशीत ठळक मुद्दा झाला. मुलाला आतापासून आकडे ऐकून लगेच तसेच परत म्हणायची सवय लावा. रेडिओवर तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ' आणि नऊला 'नाइनर' म्हणतात. खरखरीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' सारखेच ऐकू येतात.

शाळेतून पालकांना मराठीत एसएमएस पाठवला की खर्च दुप्पट-तिप्पट येतो. हा भेदभाव आहे का?
(मुख्याध्यापिका, शहादा)

जाणूनबुजून केलेला नाही, पण पाया इंग्रजीच्या मापाने घातला गेला हे खरे. १९६३ च्या आस्की या संगणकाच्या अक्षरसंकेतात फक्त १२८ जागा होत्या, त्यांत इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे यांचीच सोय होती. एसएमएसही त्याच वळणावर बांधला गेला. इंग्रजी संदेशाला १६० जागा, देवनागरी संदेशाला ७०. 'नमस्कार' डोळ्याला चार अक्षरे दिसतात, पण यंत्र हलन्त आणि काना वेगळे मोजते, म्हणून सात जागा जातात. संदेश ७० च्या पुढे गेला की प्रत्येक तुकड्यात ६७ च जागा उरतात. १५० जागांचा मराठी मजकूर म्हणजे तीन एसएमएस, तेवढाच इंग्रजी म्हणजे एक. इंग्रजी संदेशात एखादे मराठी अक्षर किंवा इमोजी पडला तरी सगळा संदेश ७० च्या मापात जातो. तेव्हा मजकूर ७० मध्ये बसवा, नाहीतर व्हॉट्सॲप वापरा, तिथे ही अडचण नाही.

एक जोडीची सूचना. शिवाजी किंवा कृतीदेव फॉन्टात टंकलेले जुने पत्रव्यवहार दुसऱ्या संगणकावर उघडले की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. ते वेळीच युनिकोड या सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात बदलून ठेवा. देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे सबब उरलेली नाही.

उद्या चिनी भाषा इंग्रजीची जागा घेईल का?
(वाचक, साक्री)

नजीकच्या काळात कठीण. ब्रिटन २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडला तरी संघाचे रोजचे काम मोठ्या प्रमाणात इंग्रजीतच चालते. सवय मालकापेक्षा जास्त टिकते.

घरात आम्ही अहिराणी बोलतो. सासूबाई म्हणतात, "पोऱ्याले इंग्रजी शाळामा टाकू नको." मी काय करू?
(एक आई, चोपडा)

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. मूल वाचायला एकदाच शिकते, आणि ते समजणाऱ्या भाषेत शिकले तर लवकर शिकते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची किंवा स्थानिक भाषा हेच माध्यम सुचवते. मराठी शाळेतही इंग्रजी पहिलीपासून विषय म्हणून आहेच. घराजवळच्या इंग्रजी शाळेत शिक्षक स्वतः वर्गात इंग्रजी बोलत नसतील, तर मूल फळ्यावरचे उतरवून घ्यायला शिकते आणि दोन्ही भाषांत अर्धवट राहते.

एक चाचणी घरीच करा. तिसरी-चौथीच्या मुलाला गणिताचे शाब्दिक उदाहरण वाचायला द्या आणि म्हणा, "तुले काय समजनं ते सांग." त्याला अहिराणीत ते नीट सांगता आले पण उत्तर चुकले, तर आकडेमोड कच्ची आहे. सांगताच आले नाही, तर अडचण भाषेची आहे, आणि शिकवणी लावून ती सुटणार नाही. इंग्रजीसाठी रोज वीस मिनिटे पुरतात: आधी ऐकणे, मग बोलणे, लिहिणे सगळ्यात शेवटी. सेमी-इंग्रजीचा विचार पाचवीनंतर करा, तोही मूल मराठीतले अनोळखी पान एकदा वाचून त्याचा आशय सांगू शकत असेल तरच.