घर घेतलं, पण माळ्यावरचं सामान कुणाचं?

प्रश्न असा आहे: गुहागर तालुक्यात एकांनी तीन भावांकडून जुनं कौलारू घर आवारासकट विकत घेतलं, गेल्या मे महिन्यात खरेदीखत रजिस्टर झालं, चाव्या मिळाल्या. माळ्यावर कुलूप घातलेली पेटी, तांब्याचा बंब, पितळी हंडे, पडवीत झोपाळा, देवघरात टाक, मागे रचलेले जांभ्याचे चिरे सगळं तसंच राहिलंय. मधला भाऊ डोंबिवलीहून फोनवर सांगतो, माझं सामान आहे, गणपतीला येऊन नेतो. गणपती गेले, शिमगा पण गेला. आता पावसाआधी कौलं परतायची आहेत. यांनी विहिरीच्या कठड्याला त्यातले 60 चिरे वापरले, ते कळल्यावर तो चोरीची केस टाकतो म्हणतोय.

दादा, घर घेतलं म्हणजे घरातलं सगळं आपलं झालं असं नसतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा आहे, त्याच्या कलम 8 प्रमाणे जमिनीत रुजलेलं, बांधलेलं आणि घराच्या कायम वापरासाठी बसवलेलं तुमच्याकडे येतं, म्हणजे आंब्याची कलमं, माड, विहीर, दारं-खिडक्या, अगदी कुलपं-किल्ल्यासुद्धा. बंब, हंडे, पेटी या उचलून नेता येणाऱ्या वस्तू, त्या वेगळ्या लिहून विकल्या नसतील तर अजून त्यांच्याच.

खरेदीखत एकदा नीट वाचा, आत सामानाचा उल्लेख आहे का बघा. आपल्याकडे जुना मजकूर तसाच उतरवतात, "जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह" वगैरे. पाषाण लिहिलंय म्हणून रचलेले चिरे माझे, असं म्हणणारे पक्षकार मला भेटलेत. तो शब्द जमिनीतल्या दगडासाठी आहे हो, खाणीतून पैसे देऊन आणलेल्या चिऱ्यांसाठी नाही. आणि निधी लिहिलाय म्हणून उद्या परसात हंडा सापडला तर तो गुपचूप ठेवता येईल असंही नाही, पुरलेलं धन 10 रुपयांच्या वर किमतीचं असेल तर 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

झोपाळ्याचं मात्र दोन्ही बाजूंनी बोलता येतं. तुळईतल्या कड्या तुमच्या, त्यात मला शंका नाही, पण साखळ्या काढून फळी नेता येते ना. तो त्यांच्या आजोबांचा वगैरे असेल तर देऊन टाका, फळीसाठी कोर्टाच्या तारखा कशाला.

आता चोरीची धमकी. चिरे उघडपणे, आपले समजून वापरले असतील तर त्यात बेइमानी दाखवणं त्याला सोपं नाही. पण आता मालक कोण ते तुम्हाला माहीत आहे, यापुढे काही वापरलंत किंवा बंब भंगारवाल्याला दिलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली, म्हणजे दुसऱ्याची वस्तू बेइमानीने आपलीशी केली म्हणून अडकाल, तिथे किमान सहा महिने आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून 60 चिऱ्यांचे आजच्या भावाने पैसे आधीच देऊ करा, आणि ते लेखी.

पण याचा अर्थ तुम्ही त्याचं फुकटचं गोडाऊन आहात असा पण नाही. ताबा तुमचा, तो परवानगीशिवाय आत येऊ शकत नाही. दोन शेजारी आणि जमलं तर पोलीस पाटील यांना बोलवा, त्यांच्यासमोर एकेक वस्तूची यादी करा, फोटो काढा, पेटीच्या कुलपाचा पण जवळून काढा, सगळ्यांच्या सह्या घ्या. मग वकिलामार्फत नोटीस पाठवा, पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि व्हॉट्सॲपवर पण. मुदत किती द्यायची ते कायद्यात लिहिलेलं नाही, मी 30 दिवस देईन, आणि त्यात स्पष्ट लिहा की नंतर सामान कोरड्या जागी हलवीन, त्याचा खर्च तुमच्याकडून मागेन. सापडलेल्या वस्तू विकायची सवलत करार कायद्यात आहे पण ती इथे धरू नका, तुम्हाला मालक माहीत आहे.

आणि नोटीस तिघा भावांना पाठवा, एकट्या मधल्याला नाही. लोक इथेच फसतात, एकाला हंडे दिले की दुसरा उभा राहतो, ते आईचे होते, त्यात माझाही हिस्सा होता म्हणून. सामान देताना तिघांची सही, निदान बाकी दोघांची हरकत नाही असं पत्र. टाकांचं तर पहिल्यांदा विचारा, पावसापर्यंत थांबू नका, कुणाच्या घरी पुजायचे यावर त्यांच्यातच एकमत नसेल, आणि तुम्ही ते समुद्रात सोडलेत तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

पेटी उघडू नका. कौलं परतायला येणाऱ्या गड्यांनाही सांगून ठेवा, हलवायची तर कुलपासकट उचलायची.