गाडीत कोणीच नाही, मग हात कोणाला दाखवायचा?

ड्रायव्हर नसलेल्या टॅक्स्यांबद्दल या सदराकडे बरेच प्रश्न आलेत आणि त्यातले बहुतेक आत बसणाऱ्यांचे नाहीत, रस्त्यावरून चालणाऱ्यांचे आहेत, म्हणून यावेळी सगळी जागा त्यांनाच देतोय.

प्रश्न: मी सध्या सॅन फ्रान्सिस्कोला मुलीकडे आलेय, रोज सकाळ संध्याकाळ चालायला जाते. इथे वेमो नावाच्या कंपनीच्या त्या पांढऱ्या टॅक्स्या सारख्या फिरत असतात आणि आत ड्रायव्हरच नसतो. मला सवय आहे ड्रायव्हरकडे बघून, हात दाखवून रस्ता ओलांडायची. इथे बघायचं कोणाकडे? जावई म्हणतात बिनधास्त जा, ती थांबतेच. खरंय का?

उत्तर: काकू, तुम्ही तिला दिसता का एवढंच विचाराल तर हो, दिसता, आणि माणसापेक्षा चांगल्या दिसता. त्या पांढऱ्या जॅग्वार गाडीवर 29 कॅमेरे, 6 रडार आणि 5 लायडार बसवलेले आहेत. लायडार म्हणजे लेझरचा किरण सोडायचा आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं, त्यामुळे अंधार असला तरी तुम्ही किती मीटरवर आहात ते तिला कळतं, आणि पुढे बघताना मागचं सुटलं असंही होत नाही.

अवघड भाग दिसण्याचा नाहीये, ओळखण्याचा आहे. तुम्ही कडेला उभ्या आहात, पण रस्ता ओलांडणार आहात की कोणाची वाट बघताय की फोनवर बोलताय? माणूस हे तुमच्या चेहऱ्यावरून ओळखतो, तुम्ही त्याच्या नजरेवरून ओळखता आणि अर्ध्या सेकंदात दोघांचं ठरतं. गाडीचं सॉफ्टवेअर तुमचा वेग, अंगाचा रोख, टाकलेलं पाऊल यावरून पुढच्या काही सेकंदात तुम्ही कुठे कुठे असू शकता याचे अंदाज बांधत राहतं आणि त्या हिशोबाने ब्रेक लावतं. म्हणून हात दाखवण्यापेक्षा रस्त्याकडे तोंड करून, गाड्यांच्या आड न राहता क्रॉसिंगच्या तोंडाशी नीट उभ्या राहा. टपावरच्या घुमटासारख्या डोममध्ये चालणाऱ्या माणसाचं चिन्ह दिसलं तर तुम्हाला वाट देतेय असं समजा, पण निघा मात्र ती पूर्ण थांबल्यावरच.

जावयांचं 'बिनधास्त' मला अजिबात पटलेलं नाही. 2024 च्या शेवटी एका मोठ्या अमेरिकन दैनिकाच्या पत्रकाराने सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर रोज ओलांडून बघितलं तेव्हा त्या बऱ्याचदा त्याच्यासाठी थांबल्याच नव्हत्या, आणि 2025 मध्ये कंपनीने स्वतःच सांगितलं की गाड्या फार बुजऱ्या होत्या, ट्रॅफिक अडायचं, म्हणून त्या आता जास्त ठामपणे चालवतोय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन लेनचा रस्ता असेल तर वेमो तुमच्यासाठी थांबेल पण शेजारच्या लेनमधून माणूस चालवत असलेली गाडी येत असते, तिला वेमोच्या आड तुम्ही दिसतच नाही. तेव्हा वेमोच्या पुढे आलात की थांबा, पलीकडे डोकावून बघा, मग पुढचं पाऊल. माझ्या आईला मी हेच सांगितलंय.

प्रश्न: क्रॉसिंग नसलेल्या जागी मधूनच गेलं तर तिला कळतं का?

उत्तर: आता कळतं, पण ते कळायला एका बाईचा जीव गेलाय. 18 मार्च 2018 च्या रात्री ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरची चाचणीची गाडी साधारण ताशी 70 किमीने चालली होती आणि एक बाई सायकल हातात धरून, क्रॉसिंग नव्हतं अशा जागी रस्ता ओलांडत होती. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने सगळा डेटा काढून बघितला तर गाडीला ती धडकेच्या 5.6 सेकंद आधीच सापडलेली होती. म्हणजे दिसलीच नाही असं नव्हतं. पण सॉफ्टवेअर कधी तिला गाडी म्हणायचं, कधी सायकल, कधी नुसतं 'इतर', आणि दरवेळी नाव बदललं की आधी ती कुठून कुठे सरकली ते विसरून नव्याने सुरुवात, त्यामुळे ती आपल्या वाटेत येतेय हा निष्कर्ष निघेपर्यंत उशीर झाला. क्रॉसिंग सोडून कोणी चालू शकतं हे त्या सिस्टीममध्ये धरलेलंच नव्हतं. वर त्या गाडीचा, म्हणजे व्होल्वोचा, स्वतःचा ऑटोमॅटिक ब्रेक बंद ठेवलेला, आणि लक्ष ठेवायला बसवलेल्या व्यक्तीची नजर फोनकडे. ज्यांनी हे बनवलं त्यांना माणसं रस्त्यावर कशी चालतात हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे, पण ते कोडमध्ये उतरलं नाही, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

प्रश्न: लहान मूल अचानक धावत आलं तर मशीन माणसापेक्षा लवकर थांबेल ना?

उत्तर: ब्रेक लवकर लागेल, हो. ताशी 27 किमीने जाणारी गाडी सेकंदाला साडेसात मीटर जाते, माणसाला बघून ब्रेकवर पाय दाबायला दीड सेकंद लागला तर तेवढ्यात 11 मीटर गेले, आणि मशीनचा हा वेळ खूपच कमी असतो. 27 चा आकडा मुद्दाम घेतलाय. जानेवारी 2026 मध्ये सँटा मोनिकात एका प्राथमिक शाळेजवळ रस्त्यातच डबल पार्क केलेल्या एसयूव्हीमागून एक मूल धावत आलं आणि वेमोला धडकलं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे गाडी तेव्हा साधारण 27 वरून 10 च्या खाली आली होती आणि लक्ष देऊन चालवणाऱ्या माणसाची धडक 22 च्या आसपास बसली असती. मुलाला किरकोळच लागलं. हे सगळं धरूनही माझा प्रश्न वेगळा आहे. शाळेची वेळ, डबल पार्किंग, पोरं इकडे तिकडे, अशा ठिकाणी समजूतदार माणूस कोणी दिसायच्या आधीच गाडी सरपटत नेतो, मग 27 तरी का? अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने चौकशी सुरू केली तीसुद्धा याच मुद्द्यावर, शाळा जवळ असताना पुरेशी काळजी घेतली का. झटकन ब्रेक लागणं ही मशीनची ताकद आहे, पण त्या ताकदीवर भरवसा ठेवून वेग कायम ठेवायचा हे मला मान्य नाही.

प्रश्न: काही गडबड झाली की ती आपोआप बाजूला जाऊन थांबते असं वाचलं. मग चांगलंच आहे की!

उत्तर: बहुतेक वेळा चांगलं. पण 2 ऑक्टोबर 2023 ला सॅन फ्रान्सिस्कोत माणूस चालवत असलेल्या गाडीने एका बाईला उडवलं आणि ती शेजारून चाललेल्या क्रूझ कंपनीच्या रोबोटॅक्सीसमोर पडली. टॅक्सीने ब्रेक लावला, तिला धडकून थांबली, आणि इथपर्यंत माणूसही याहून फार वेगळं करू शकला असता का सांगता येत नाही. पण मग सिस्टीमने समजून घेतलं की धडक बाजूने बसलीये, आणि नियमाप्रमाणे रस्त्याच्या कडेला जायला निघाली, बाई खाली असताना, आणि सुमारे 6 मीटर फरफटत नेलं. कुठल्याही माणसाने आधी उतरून खाली बघितलं असतं. त्याच महिन्याच्या 24 तारखेला कॅलिफोर्नियाच्या डीएमव्हीने, म्हणजे तिथल्या वाहन परवाना खात्याने, क्रूझचा परवाना थांबवला आणि डिसेंबर 2024 मध्ये जनरल मोटर्सने तो रोबोटॅक्सीचा धंदाच बंद केला. डीएमव्हीचा एक आक्षेप असाही होता की गाडी सुरक्षित असल्याबद्दल कंपनीने दिशाभूल केली, तो मला अपघाताइतकाच गंभीर वाटतो.

प्रश्न: समोर गेलं की थांबणारच हे कळल्यावर सगळेच मुद्दाम आडवे जातील, मग ट्रॅफिक हलेल कसा?

उत्तर: हा प्रश्न संशोधकांनाही पडलाय. ॲडम मिलार्ड-बॉल यांनी गेम थिअरी, म्हणजे समोरचा काय करेल त्यावरून आपण काय करायचं याचं गणित, लावून मांडलं होतं की आज आपण गाडीसमोर पाऊल टाकत नाही कारण ड्रायव्हर दारू प्यायलेला असेल, बेसावध असेल ही धास्ती असते, ती गेली की चालणाऱ्यांचं राज्य येईल आणि गाड्या हळू होतील. गर्दीच्या भागात तसं झालं तर मला तरी वाईट वाटणार नाही. मला भीती उलटीच वाटते, की ट्रॅफिक अडतोय म्हणून गाड्या अजून ठाम करा आणि माणसांना कुंपण घाला अशी मागणी येईल.

प्रश्न: सिग्नलच बंद पडले तर?

उत्तर: 20 डिसेंबर 2025 ला सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या भागाचा वीजपुरवठा गेला तेव्हा हे झालं. बंद सिग्नलला चारही बाजूंनी थांबून जायचं हे वेमोला शिकवलेलं आहे, पण खात्री करायला गाड्या लांब बसलेल्या मदतनीसांना विचारतात, आणि एकदम सगळ्यांनीच विचारल्यावर उत्तरं तुंबली आणि गाड्या चौकातच उभ्या राहिल्या. हे मदतनीस गाडी चालवत नाहीत बरं का, फक्त सल्ला देतात.

प्रश्न: मग एकूण हिशोबात माणूस बरा की मशीन?

उत्तर: आतापर्यंतच्या आकड्यांवर, वेमो बरी. 5.67 कोटी मैलांच्या त्यांच्या अभ्यासात त्याच शहरांतल्या माणसांच्या तुलनेत पादचारी जखमी होणारे अपघात 92 टक्के कमी निघाले. अभ्यास कंपनीच्याच लोकांचा आहे हे लक्षात ठेवा, पण 2025 मध्ये संशोधन पत्रिकेत तपासून छापलेला आहे. मात्र हा आकडा फक्त वेमोचा, टेस्लाची किंवा चीनमधली टॅक्सी त्यात येत नाही.

प्रश्न (पहिल्याच काकूंचा): आणि तिने नियम मोडला तर दंड कोणाला? माझ्या अगदी जवळून गेली तर सांगायचं कोणाला?

उत्तर: सप्टेंबर 2025 मध्ये सॅन ब्रुनोत पोलिसांसमोर एका वेमोने चुकीचा यू-टर्न घेतला आणि पावती फाडता आली नाही, कारण आत ड्रायव्हरच नव्हता. जुलै 2026 पासून कॅलिफोर्नियात पोलीस कंपनीच्या नावाने नोटीस देऊ शकतात असा कायदा आहे. तुमच्या बाबतीत काही झालं तर नंबर प्लेटचा फोटो काढा, रस्त्याचं नाव आणि अगदी मिनिटापर्यंत वेळ लिहून ठेवा, कारण गाडीच्या कॅमेऱ्यात काय टिपलंय ते त्या मिनिटावरूनच शोधता येतं, आणि मग कंपनीला आणि पोलिसांना दोघांनाही कळवा. लागलं असेल तर आधी 911, म्हणजे तिथला तातडीच्या मदतीचा नंबर.