‘त्या वेळच्या’ म्हणजे कोणत्या वेळच्या?

गिरगावातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे, पण असं पत्र दर महिन्याला येतं; फक्त नाण्यांचा आकडा बदलतो. वडील २०१६ मध्ये गेले. मृत्युपत्र नाही, लॉकरला नॉमिनी थोरले भाऊ. आत २१ नाणी: १६ गिन्या, ५ पुतळ्या. २०१९ च्या दिवाळी पाडव्याला तिन्ही भावंडांनी वहीच्या पानावर चार ओळी लिहून सह्या केल्या. आता भाऊ २०१९ चा भाव धरतात, झवेरी बाजारातला सराफ आजचा सांगतो, आणि नाणी जमवणारे एक गृहस्थ त्याच्या दीडपट. ‘खरी किंमत कोणती?’

नॉमिनी मालक नसतो आणि हिस्से तिघांचे सारखे, यावर शाई घालवत नाही. सगळं अडलंय ते पानावरच्या एका वाक्यावर: ‘नाणी दादाकडे राहतील व बहिणींना त्यांचा हिस्सा त्या वेळच्या सोन्याच्या भावाने रोख देण्यात येईल.’

त्या वेळच्या म्हणजे कागद केला त्या वेळच्या, असं भाऊ म्हणतात. पण कागद लिहिणारा माणूस चालू दिवसाला ‘त्या वेळी’ म्हणत नाही, ‘आजच्या भावाने’ म्हणतो. शिवाय क्रियापद भविष्यकाळी आहे. माझ्या वाचनाप्रमाणे भाव धरायचा तो पैसे हाती पडतील त्या दिवसाचा. कोर्ट असंच वाचेल याची हमी देत नाही, पण युक्तिवाद भक्कम आहे. नाणी मोजायला तिघं बसलात आणि पैसे देण्याची तारीख लिहायला कोणाला सुचलं नाही!

फरक किती पडतो ते पाहा. टांकसाळीची गिनी ७.९८८ ग्रॅमची, २२ कॅरेट. त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. २०१९ च्या त्या दिवाळीत दहा ग्रॅमचा भाव ३८ हजारांच्या आसपास होता, म्हणजे गिनीमागे साधारण २८ हजार. हिशेबाला सोपा म्हणून भाव एक लाख धरा, तर ७३ हजार. नुसत्या गिन्यांचा तुमचा तिसरा हिस्सा दीड लाख की जवळजवळ चार लाख, हे ‘त्या’ या एका अक्षरावर ठरणार आहे.

त्याच वाक्यातला ‘सोन्याच्या’ हा शब्द मात्र तुमच्या विरुद्ध जातो. संग्राहकाचा भाव या कागदावर मागता येणार नाही. तुमच्याकडच्या फोटोत १९१८ ची एक गिनी आहे. नाण्यावरच्या घोड्याच्या खाली, सालाच्या वर बारीक इंग्रजी ‘आय’ दिसतो, म्हणजे ती आपल्या फोर्टातल्या टांकसाळीत पडलेली. अभिमान जरूर बाळगा, पण तशी सुमारे १३ लाख नाणी पडली होती, आणि तुमच्या आजीने तिला माळेसाठी कडी डागवून घेतलेली दिसते, म्हणजे संग्राहकाच्या लेखीही ती उतरलीच. पुतळ्यांचं वजन मात्र पुस्तकातून काढू नका, एकेक तोलून घ्या. सरकारमान्य मूल्यांककाकडून वजन, टंच (सोन्याची शुद्धता) आणि फोटोसह लेखी अहवाल घ्या. सराफाने चिठ्ठीमागे खरडलेला आकडा कोर्टात फारसा कामाचा नाही. सराफांनी स्वतः पाडलेल्या गिन्याही फिरतात: सोन्याच्याच, पण टांकसाळीच्या नव्हेत.

आता दावा लावण्याची मुदत. ‘२०१९ च्या भावाने घ्यायचे तर घे, नाहीतर एक पैसा मिळणार नाही’ हा भावाचा व्हॉट्सॲप मेसेज तुम्ही ‘२०२४ च्या दसरा-दिवाळीच्या सुमारास’ आला असं लिहिता. सुमारास चालणार नाही. कागदात पैसे देण्याची तारीख नसल्याने मी म्हणेन की तीन वर्षं नकार कळल्यापासून मोजायची, म्हणजे २०२७ पर्यंत दम आहे. समोरचा वकील कागदाच्या तारखेपासून मोजेल. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ वगळला आहे. तो वगळून मोजलं तर त्या वकिलाच्या हिशेबाने मुदत १३ ऑक्टोबर २०२४ च्या आसपास संपते. त्या वर्षी दसरा होता १२ तारखेला! मेसेज त्याआधीचा असेल, तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ती देणं असल्याची कबुली म्हणता येते, आणि मुदत तिथून नव्याने सुरू होते. सोबत नकार असला तरी कबुली ती कबुलीच. मेसेजला सही म्हणायचं का, यावर वाद होईल, तो मी घालीन. दसऱ्यानंतरचा असेल, तर सगळा भार माझ्या पहिल्या मुद्द्यावर येतो. तो मेसेज आज शोधा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. मेसेज पुरावा म्हणून दाखल करायला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल.

नोटीस याच महिन्यात जाऊ द्या. दावा लावावाच लागला तर पहिली मागणी पैशांची नाही, नाण्यांची कोर्टामार्फत मोजदाद करण्याची. तारखा पडत राहतात, आणि सोनं आटवायला एक दुपार पुरते. वहीच्या पानावर मुद्रांक नाही, त्यापायी शुल्क आणि दंड भरावा लागू शकतो. पान घेऊन या, मग सांगते.

तडजोड झालीच तर ‘रोख’ या शब्दाच्या नादी लागू नका. दोन लाख किंवा त्यावर रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, सख्ख्या भावाकडूनही. चेक किंवा बँक ट्रान्सफर. वारसाहक्काने नाणी मिळण्यावर कर नाही. वाटणीपोटी मिळालेल्या रकमेवर कर लागतो का, हे कागदाच्या शब्दांवर अवलंबून आहे, सीएला मसुदा आधी दाखवा.

आणि भाचा अमेरिकेहून येतोय, तो ‘दोन-चार गिन्या आठवण म्हणून’ नेणार म्हणता. शंभर वर्षांचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. ती १९१८ ची त्याच्या बॅगेत जाऊ देऊ नका.