पहिली लाकडी केबिन जोडताना

एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान (1:87), लेझरने कापलेल्या तुकड्यांची लाकडी केबिनची प्रतिकृती पहिल्याच खेपेला जोडायला घेतलीत, छान केलंत! जमेल तुम्हाला, फक्त घाई नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रंग जोडणीआधी द्या, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला दिलात तर पातळ लाकूड ओलाव्याने पापडासारखं वाकतं. माझी पहिली भिंत अशीच वाया गेली, फार हळहळलो होतो. रंगाचा हात पातळ ठेवा, हाताला चिकटेनासा झाला की वर वजन ठेवून रात्रभर सोडा.

नवखे बहुतेक इथे चुकतात:

- तुकडे ज्या लाकडी पत्र्यात कापलेले असतात, त्या चौकटीतून ओढून काढतात. नव्या पात्याने, हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवून सोडवा.
- फेव्हिकॉल जास्त लावतात. टूथपिकच्या टोकावर राहील तेवढाच पुरे.
- कोपरे नजरेने जुळवतात. गुण्या लावाच; पहिला कोपरा तिरका गेला की छप्पर बसत नाही.

या मापात सहा फुटी माणूस जेमतेम 21 मिलिमीटरचा, तेव्हा खिडक्यांसाठी चांगला चिमटा घ्या. जुनाटपणाच्या छटा, आतले दिवे सध्या राहू द्यात. आधी चार भिंती काटकोनात उभ्या करा.