विकलेला कीबोर्ड आणि 45 दिवसांची मुदत

नागपुरात महाल भागात राहणारे आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवणारे एक वाचक लिहितात की त्यांनी आपला वापरलेला अरेंजर कीबोर्ड ऑनलाइन जाहिरात देऊन कोल्हापूरच्या एका गृहस्थांना 62,000 रुपयांना विकला. पैसे यूपीआयने आले, कीबोर्ड कुरिअरने गेला. माल पोहोचल्यानंतर 26 दिवसांनी खरेदीदाराने कळवले की मधल्या सप्तकातील तीन पट्ट्या नीट बोलत नाहीत, तेव्हा कीबोर्ड परत घ्या. पुढे त्यांनी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करून पूर्ण किंमत आणि मानसिक त्रासापोटी 25,000 रुपये मागितले. तक्रारीच्या प्रतीसह आयोगाची नोटीस आमच्या वाचकांना 3 तारखेला मिळाली आणि त्यांनी मला 24 तारखेला लिहिले. मी दुकानदार नाही, मग हा कायदा मला लागतो का, मला कोल्हापूरला जावे लागेल का आणि पोलीस अटक करतील का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ऑर्केस्ट्रातील कलावंतांकडून या धाटणीची पत्रे हंगाम संपला की येतातच. कधी मिक्सर असतो, कधी ॲम्प्लिफायर, कधी गिटार. आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे देतो, परंतु ज्या प्रश्नावर हे प्रकरण उभे राहील किंवा पडेल तो आपण विचारलेलाच नाही, आणि तो म्हणजे लेखी जबाब कधीपर्यंत द्यायचा.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38 नुसार नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत सामनेवाल्याने, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने, आपले म्हणणे लेखी मांडायचे असते, आणि आयोग फार तर आणखी 15 दिवस वाढवून देऊ शकतो. त्यापुढे एक दिवसही नाही. न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 रोजी हा मुद्दा कायमचा निकालात काढला. तो निकाल जुन्या 1986 च्या कायद्यावर असला तरी नव्या कायद्यातील मुदतीची तरतूद तशीच आहे. मुदत तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून मोजायची, असेही त्याच निकालात सांगितले आहे. आपल्याला प्रत मिळालेली असल्याने ती पळवाटही आपल्यासाठी नाही. आपले पत्र आले तो एकविसावा दिवस होता. त्यामुळे हे उत्तर प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता मी ते आपल्याला ई-मेलने आधीच पाठवले आहे.

आपण लिहिता की ग्राहक कोर्टात तारखांवर तारखा पडतात असे मित्रांनी सांगितल्यामुळे आपण निवांत राहिलात. तारखा पडतात हे दुर्दैवाने खरे आहे. नोटीस मिळाल्यापासून 3 महिन्यांत आणि मालाची तपासणी लागत असेल तर 5 महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे कायदा सांगतो, आणि पक्षकार मात्र वर्षानुवर्षे हेलपाटे घालतात. याबद्दलचा माझा संताप मी या सदरात अनेकदा व्यक्त केला आहे. पण आयोगाचा हा संथपणा निकालापुरता आहे, आपल्या जबाबाच्या मुदतीला तो लागू होत नाही. मुदत टळली की आपल्या जबाबाविना प्रकरण पुढे चालते, आणि एकदा एकतर्फी आदेश झाला की तो रद्द करून फेरसुनावणी घेण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही. मग राज्य आयोगात अपील करा, आणि त्यासाठी आदेशातील रकमेची निम्मी रक्कम आधी भरा. ज्या माणसाची बाजू मुळात बरी आहे त्याने केवळ आळसापायी हे ओढवून घ्यावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपली बाजू बरी आहे असे मी म्हणतो ते माल विक्री कायदा, 1930 च्या कलम 42 मुळे. माल हाती आल्यावर खरेदीदाराने तो स्वीकारल्याचे कळवले, किंवा तो अजून विक्रेत्याचाच आहे या स्थितीशी विसंगत अशी एखादी कृती केली, किंवा नाकारत असल्याचे न कळवता वाजवी काळ तो स्वतःकडे ठेवून घेतला, तर त्याने माल स्वीकारला असे कायदा धरतो. आता आपण पाठवलेले कागद पाहा. खरेदीदाराने कीबोर्ड मिळाल्यावर तो नवरात्रातील दोन कार्यक्रमांत वाजवला आणि त्याचा व्हिडिओ स्वतःच्या स्टेटसवर ठेवला. त्यानंतर स्थानिक मेकॅनिककडून तो उघडून घेतला. तक्रारीसोबत त्यांनी स्वतःच जोडलेल्या 4,800 रुपयांच्या पावतीवर ‘कॉन्टॅक्ट स्ट्रिप बदलली, बोर्ड साफ केला’ असे लिहिले आहे. जी वस्तू परत करायची आहे ती कोणी आधी उघडून तिचे भाग बदलून घेत नाही. वाजवी काळ किती हा प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीचा प्रश्न असल्याने केवळ 26 दिवसांवर मी विसंबणार नाही, पण ती पावती फार बोलकी आहे. माल एकदा स्वीकारला की कलम 13 नुसार तो नाकारून पूर्ण किंमत परत मागण्याचा मार्ग सामान्यतः बंद होतो आणि उरते ती नुकसानभरपाई. म्हणजे वाद 62,000 वरून त्या 4,800 च्या आसपास येतो. मात्र हे सगळे लेखी जबाबात आले पाहिजे, कारण जबाबच नसेल तर ती पावती आपल्या बाजूने वाचून दाखवायला कोणी नसेल.

आपली कच्ची बाजूही सांगतो. जाहिरातीत आपण ‘कंडिशन एक नंबर, कोणताही प्रॉब्लेम नाही’ असे लिहिले आणि एक पट्टी कधीकधी हलकी लागते हे फोनवर सांगितले. जे सांगायचे होते ते लिहून का दिले नाही? दुकानदार नसलेल्या विक्रेत्यावर मालाच्या दर्जाची गर्भित हमी, म्हणजे शब्दांत न दिलेली पण कायद्याने धरलेली हमी, सहसा येत नाही, हे माल विक्री कायद्याच्याच कलम 16 मुळे खरे आहे. पण वर्णनावरून झालेल्या विक्रीत माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे, हे कलम 15 चे बंधन घरगुती विक्रेत्यालाही आहे. त्यात तक्रार आल्यावर आपण ‘टेन्शन घेऊ नका, बघून घेऊ’ असा मेसेज पाठवला. समोरचे वकील त्याला कबुली म्हणणारच. तो मेसेज सौजन्यापोटी होता, पैसे परत करण्याचे वचन नव्हते, असे जबाबात स्पष्ट लिहा आणि आलेल्या कॉलची नोंद जोडा.

आता आपले तीन प्रश्न. ई-कॉमर्सचे 2020 चे नियम वैयक्तिकरीत्या, नियमित व्यवसाय म्हणून नव्हे, केलेल्या विक्रीला लागू होत नाहीत. मूळ ग्राहक संरक्षण कायद्याखालीही आपण व्यापारी नाही हा युक्तिवाद जरूर करावा, पण तो हमखास टिकेल असे मी सांगणार नाही. आपण त्याच खात्यावरून आणखी दोन-तीन वस्तू विकल्याचे लिहिता, त्याचा उपयोग समोरची बाजू करील. तक्रार कोल्हापूरला चालेल, कारण 20 जुलै 2020 पासून तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या ठिकाणी ती दाखल करता येते. प्रत्येक तारखेला महाराष्ट्र एक्स्प्रेस गाठावी लागू नये म्हणून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहण्याचा अर्ज कारणांसह जबाबाबरोबरच द्या, तो मंजूर करणे आयोगाच्या हाती आहे. अटकेची धास्ती अनाठायी वाटते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालील फसवणुकीला व्यवहाराच्या वेळीच अप्रामाणिक हेतू असावा लागतो, आणि वस्तू खरोखर पाठवलेली असताना तो दाखवणे सोपे नाही. तरीही पोलिसांची नोटीस आलीच तर ती टाळू नका.

जबाबात तक्रारीच्या प्रत्येक परिच्छेदाला स्वतंत्र उत्तर द्या, कारण मोघम नकार फारसा उपयोगी पडत नाही. कीबोर्ड उघडला गेलेला असल्याने मूळ दोष कोणता आणि दुरुस्तीत काय झाले हे वेगळे करता यावे म्हणून ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 खाली योग्य प्रयोगशाळेत तपासणीची मागणी करा. त्याचे शुल्क तक्रारदाराला भरायला लावता येते. जाहिरात आपण काढून टाकली असली तरी चॅट पुसू नका आणि फोन बदलू नका. संभाषणाच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र जोडा. वकील देणे सक्तीचे नाही, पण एवढ्या कमी दिवसांत कोल्हापूरचा एखादा स्थानिक वकील गाठणे शहाणपणाचे ठरेल. तडजोड करायचीच असेल तर दुरुस्तीचा खर्च देण्याचा प्रस्ताव हक्क अबाधित ठेवून, म्हणजे ती चुकीची कबुली नाही असे नमूद करून, वकिलामार्फत लेखी द्यावा, आणि तोही जबाब दाखल झाल्यावर. तोवर खरेदीदाराला आपण होऊन एकही मेसेज पाठवू नका.

30 दिवसांत जबाब पूर्ण होत नाही असे दिसले तर मुदत संपण्याआधीच वाढीव 15 दिवसांसाठी कारण देऊन अर्ज करा. जबाबाची एक प्रत तक्रारदाराला स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवा, आणि आयोगात दाखल केल्याची नोंद त्याच दिवशी हाती घ्या.